पोटावरची चीर कोण ठरवतो?

आपल्या विहारांत आरक्षणावर चर्चा होते, संविधानावर होते, अडलेल्या शिष्यवृत्तीवर होते. वस्तीतल्या बाईच्या पिशवीवर मात्र होत नाही. "तो बायकांचा विषय" म्हणून पुरुष उठून जातात आणि बायका तो आपापसांत कुजबुजून बोलतात. आम्ही पेण आणि रोहा तालुक्यांत काम करणारे दहा-बारा जण आहोत, मुलीही आणि मुलगेही. रविवारी वाचन, पौर्णिमेला वंदना, आणि एरवी ज्याला गरज असेल त्याच्यासोबत तहसील, पोलीस ठाणे नाहीतर दवाखाना. दवाखान्याच्या या फेऱ्यांतून आमची एक गोष्ट पक्की झाली आहे. गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन कोणत्या मार्गाने होणार, हे गर्भाशयाच्या आकारावर जेवढे ठरते, त्याहून जास्त ती बाई कोणत्या दारात उभी आहे यावर ठरते. म्हणून हा विषय बायकांचा तर आहेच, पण चळवळीचाही आहे.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी बाबासाहेबांच्या कामाकडे पाहावे. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तिचा भार मालकाने व सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा ठराव त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. त्यामागचा विचार आणि मसुदा बाबासाहेबांचा होता. सभागृहाने तो फेटाळला. स्त्रीचे शरीर, तिची मजुरी आणि तिची विश्रांती हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, हे ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले, त्यांच्या अनुयायांना पिशवी या शब्दाची लाज वाटण्याचे कारण नाही.

आता आमच्या आत्याबद्दल. ती आमच्यातल्या एकीची आत्या, पण वस्तीत लहानथोर सगळेच तिला आत्या म्हणतात. वय ४६. घर रोह्याच्या बाजूला आणि काम पेणला गणपतीच्या कारखान्यात. कच्च्या मूर्ती घासायच्या, पांढरा हात मारायचा, वाळलेल्या मूर्ती उचलून फळीवर लावायच्या. गणपती गेले की भातकापणी. जितके दिवस भरले तितके पैसे. पगारी रजा हा शब्द तिने आमच्याच तोंडून ऐकला.

दोन वर्षे तिला अंगावरून जात होते. पाळी दहा-बारा दिवस चालायची, रक्ताच्या गाठी पडायच्या, स्टेशनचा जिना चढताना धाप लागायची. एके दिवशी कारखान्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ६.८. सोनोग्राफीत गर्भाशय १६ आठवड्यांच्या गरोदरपणात असते तेवढे वाढलेले, आत तीन गाठी, त्यातली मोठी सुमारे ८ सेंटिमीटरची.

हा एकच रिपोर्ट घेऊन आम्ही तीन दारांत गेलो. पहिल्या खाजगी दवाखान्यात उत्तर मिळाले : "मुलं झाली ना? मग पिशवीचा काय उपयोग? ठेवलीस तर कॅन्सर होईल. परवा उपाशीपोटी ये." हिमोग्लोबिन ६.८ असताना परवा! दुसरा दवाखाना मोठा होता. तिथे म्हणाले, दुर्बिणीने करू, तिसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात कामावर. सांगितलेली रक्कम आत्याच्या वर्षभराच्या मजुरीच्या घरात जात होती. तिसरे दार सरकारी. तिथले डॉक्टर नीट बोलले, पण म्हणाले की एवढी मोठी पिशवी इथे पोट उघडूनच काढतात आणि तारीख भूलतज्ज्ञ मिळेल तेव्हाची. आम्ही दुसरा काही मार्ग आहे का असे विचारले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने सुनावले, "तुम्हा लोकांना हे सांगून काय कळणार?"

बाहेर बाकावर बसल्यावर आत्याने जे विचारले ते आमच्या डोक्यातून गेलेले नाही. "पोरांनो, ही माणसं माझ्या पोटात काय हाय ते बघून सांगतात, का माझ्या पदरात काय हाय ते बघून?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आम्ही वाचायला बसलो. वस्तीतली एक ताई मुंबईत परिचारिका आहे, तिने दोन रविवार खर्च करून समजावले. जे समजले ते इथे सरळ भाषेत मांडतो, कारण हे ज्ञान डॉक्टरच्या टेबलाच्या एकाच बाजूला राहिले की निर्णयही त्याच बाजूला राहतो.

निरोगी गर्भाशय मुठीएवढे असते, वजन साधारण ६० ते १०० ग्रॅम. ते वाढण्याची नेहमीची दोन कारणे. एक म्हणजे फायब्रॉइड, म्हणजे स्नायूच्या गाठी. दुसरे अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे आतले अस्तर स्नायूच्या भिंतीत शिरून पिशवी फुगणे. दोन्ही कर्करोग नव्हेत. वाढ किती, हे डॉक्टर गरोदरपणाच्या आठवड्यांत सांगतात. १२ आठवड्यांएवढी पिशवी ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर हाताला लागते, २० आठवड्यांची बेंबीपर्यंत पोहोचते.

पहिला प्रश्न मार्गाचा नाहीच. पहिला प्रश्न आहे, काढायचीच का? त्रास नसेल तर गाठी आहेत एवढ्या कारणावरून गर्भाशय काढण्याची गरज नसते, आणि पाळी बंद झाल्यावर त्या बहुधा आकसतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, हार्मोनच्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी आहे, फक्त गाठी काढण्याची शस्त्रक्रिया आहे, गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याची पद्धत आहे. प्रत्येकीला प्रत्येक उपाय लागू पडतो असे नाही. पिशवी फार वाढलेली असेल तर तांबी टिकत नाही. पण हे उपाय आहेत एवढे तरी बाईला कळले पाहिजे. शिवाय पंचेचाळिशीच्या पुढे असा रक्तस्राव होत असेल तर आतल्या अस्तराचा तुकडा आधी तपासून घ्यावा लागतो. तो न तपासता "कॅन्सर होईल" म्हणणे याला निदान म्हणत नाहीत, भीती घालणे म्हणतात.

काढायचेच ठरले, तर मार्ग मुख्यतः तीन. पहिला, पोटावर दहा-पंधरा सेंटिमीटरची चीर देऊन. दुसरा, योनिमार्गातून, पोटावर एकही टाका न घालता. लोक याला बिनटाक्याचे म्हणतात. तिसरा दुर्बिणीचा : पोटावर तीन-चार लहान छिद्रे, पोटात वायू भरून जागा करायची, कॅमेऱ्यात पाहून पिशवी सोडवायची आणि बहुधा खालूनच बाहेर काढायची. आपल्याकडे बिनटाक्याचे आणि दुर्बिणीचे एकच समजतात. ते एक नाहीत. दुर्बिणीला महाग यंत्रे आणि पूर्ण भूल लागते. बिनटाक्याच्या पद्धतीला लागतो तो मुख्यतः शिकलेला हात, आणि ती पाठीत भूल देऊनही करता येते. योनिमार्गातून गर्भाशय काढण्याची नियोजित शस्त्रक्रिया जर्मनीत लांगेनबेक यांनी १८१३ साली केली होती. दुर्बिणीने गर्भाशय काढण्याची सुरुवात अमेरिकेत हॅरी राइश यांनी १९८८ मध्ये केली. म्हणजे पोट न फाडण्याची कला दुर्बिणीहून पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांचे नाव योनिमार्गाच्या शस्त्रक्रियेसाठी जगभर घेतले जाते. म्हणजे ही विद्या आपल्यापासून फार लांब नाही.

मग मोठ्या पिशवीचे काय? केवळ आकार मोठा म्हणून पोट उघडावेच लागते असे नाही. अनुभवी शल्यविशारद मोठी पिशवी आतल्या आत कापून, तुकडे करून खालून काढतात. आकाराइतकेच महत्त्व बाकीच्या गोष्टींना आहे : पिशवी हलते का, गाठ कुठे आहे, आधी सिझर झाले आहे का, आतडी चिकटली आहेत का, कर्करोगाची शंका आहे का, आणि करणाऱ्याने अशी किती ऑपरेशने केली आहेत. जिथे शक्य असेल तिथे योनिमार्ग निवडावा, ते शक्य नसेल तर दुर्बीण आणि मग पोट, असा क्रम अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शनात दिला आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी हा क्रम खिशाप्रमाणे उलटतो.

दुर्बीण म्हणजे जादू नव्हे, हेही सांगितले पाहिजे. मूत्रपिंडाकडून येणारी लघवीची नळी किंवा लघवीची पिशवी दुखावण्याचा धोका तिच्यात पोट उघडण्यापेक्षा थोडा जास्त आढळला आहे. पोटात फिरत्या पात्याने तुकडे करण्याच्या यंत्राबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला, कारण गाठीत क्वचित लपलेला कर्करोग असला तर तो पोटात पसरतो. फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया होणाऱ्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीत असे असू शकते, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. म्हणून तुकडे कसे करणार, पिशवीत बंद करून की उघड्यावर, हे विचारायचे असते. आणि दुर्बिणीने सुरू केलेले ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावे लागले तर ते अपयश नव्हे. रक्तस्राव थांबत नसेल तर तेच शहाणपणाचे असते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र जाहिरातीत कुठेच नसते. बाहेरची जखम लहान असली तरी गर्भाशय काढलेल्या जागी आत टाके असतात, आणि ते भरायला तिन्ही मार्गांत जवळपास सारखाच वेळ लागतो. पोट उघडलेल्या बाईला सावरायला सहा-आठ आठवडे लागतात, दुर्बिणीचे किंवा बिनटाक्याचे झाले तर दोन-चार आठवड्यांत ती हिंडू-फिरू लागते. पण जड उचलायचे नाही ते साधारण सहा आठवडे, सगळ्यांनीच. कार्यालयात बसणाऱ्या बाईसाठी "आठवड्यात कामावर" कदाचित चालेल. मूर्ती उचलणाऱ्या, भाताचे भारे वाहणाऱ्या, टाकीवरून हंडा आणणाऱ्या बाईला तेच सांगणे म्हणजे तिच्या आतल्या टाक्यांशी खेळणे आहे. डॉक्टरने "काय काम करतेस?" हा प्रश्न विचारल्याशिवाय मार्ग ठरवूच नये. आमच्या तीन दारांपैकी एकाही दारात हा प्रश्न कुणी विचारला नाही.

मजूर बाईच्या पोटावरची चीर सेंटिमीटरमध्ये मोजून भागत नाही. ती बुडालेल्या रोजांत मोजावी लागते. त्या बुडालेल्या दिवसाला शब्द आहे खाडा. आणि खाडा म्हटले की बीड आठवल्याशिवाय राहत नाही.

बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये देशभर गाजले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पाळीच्या दुखण्याने, अंगावर पांढरे जाण्याने बायका गावी डॉक्टरकडे जात, आणि पंचविशी-तिशीत पिशवी काढून परत उसाच्या फडात. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर जे सर्वेक्षण आले त्यात ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. तिथे दुर्बीण की पोट असा प्रश्नच आला नाही, कारण "काढायचीच का" हा पहिला प्रश्नच कुणी विचारू दिला नाही. ज्यांची अंडाशयेही गेली, त्यांच्या हाडांचे आणि हृदयाचे म्हातारपण ऐन तरुणपणात आले. ऊसतोडीत कोण जातो? भूमिहीन जातो. आणि भूमिहीन कोण, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बीड एकटे नाही. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांबद्दल डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिचा निकाल ५ एप्रिल २०२३ रोजी लागला. दलित, आदिवासी आणि मागास समाजातल्या स्त्रिया यात मोठ्या प्रमाणावर भरडल्या गेल्या, हा मुद्दा त्या प्रकरणात ठळकपणे आला. केंद्राने २०२२ मध्ये केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात, असा आदेश न्यायालयाने दिला. त्या सूचनांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती सांगितलेली आहे. हे आपण लक्षात ठेवू, पुढे त्याचा उपयोग आहे.

अमेरिकेतही असेच घडले. मिसिसिपीतल्या फॅनी लू हेमर कापूस वेचणाऱ्या, दुसऱ्याच्या मळ्यावर राबणाऱ्या कृष्णवर्णीय बाई. १९६१ मध्ये गर्भाशयातली गाठ काढायला दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरने त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकले. पुढच्याच वर्षी त्या मतदार नोंदणीसाठी उभ्या राहिल्या आणि नागरी हक्क चळवळीतल्या मोठ्या नेत्या झाल्या. त्यांच्या भागात हे इतके नेहमीचे होते की या प्रकाराला त्यांनी उपरोधाने "मिसिसिपीतले अपेंडिक्सचे ऑपरेशन" म्हटले. आजही तिथल्या अनेक अभ्यासांत दिसते की कृष्णवर्णीय स्त्रियांचे गर्भाशय काढताना गोऱ्या स्त्रियांच्या तुलनेत पोट उघडण्याचे प्रमाण जास्त आहे. गाठींचा आणि पिशवीच्या आकाराचा फरक लक्षात घेतला तरी तो फरक उरतोच. म्हणजे यंत्र त्याच देशात आहे, विद्या आहे, पण ती कुणाच्या पोटापर्यंत पोहोचते हे समाजाची उतरंड ठरवते. आत्याने बाकावर बसून विचारले ते हेच.

आपल्या कायद्याने याबाबत एक भक्कम हत्यार दिले आहे, ते आपल्या फार कमी जणांना माहीत आहे. समीरा कोहली यांचे प्रकरण. १९९५ मध्ये दिल्लीत त्या तपासणीसाठी दुर्बीण घालून घ्यायला गेल्या होत्या. त्या भुलीत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन डॉक्टरने गर्भाशय आणि अंडाशये काढली. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही संमती नव्हे. जीव वाचवण्याची तातडी नसताना सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या वतीने दुसरे कुणी संमती देऊ शकत नाही. आणि उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नाही. याचा अर्थ, "इथे अंगठा लाव" ही संमती नाही. नवऱ्याची सही ही बाईची संमती नाही. आणि आमच्यासारख्या सोबत गेलेल्या कार्यकर्त्यांची मानही तिची मान नव्हे.

हे वाचून आम्ही आत्याला काय कर हे सांगितले नाही. कागदावर प्रश्न लिहिले आणि तिला मुंबईतल्या एका शिकवणाऱ्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिचे काम आधी विचारले. अस्तराचा तुकडा तपासला, तो चांगला निघाला. गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात येईना. मग शिरेतून लोह दिले आणि पाळी तात्पुरती बंद करणारे, गाठी आकसवणारे इंजेक्शन तीन महिने, महिन्याला एक. पुन्हा तपासल्यावर म्हणाल्या, "पिशवी थोडी उतरली आहे, हलते आहे. दुर्बिणीने सोडवू, तुकडे करून खालून काढू. अंडाशये ठेवू. जमलं नाही तर पोट उघडावं लागेल, ते आताच सांगते."

आत्याने घडी घातलेला कागद काढला आणि एकेक विचारत गेली. शेवटचा प्रश्न तिचा स्वतःचा होता. "गणपती गेल्यावर केलं तर चालंल काय? हंगाम सोडला तर वर्ष जाईल माझं." डॉक्टर बाई म्हणाल्या, रक्त वाढले आहे, स्राव थांबला आहे, तेवढे थांबता येईल. तारीख आत्याने ठरवली. ऑपरेशनच्या दिवशी हिमोग्लोबिन १०.८ होते. पोट उघडावे लागले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणली.

पण पुढचे सहा आठवडे हे दवाखान्याचे काम नव्हते, ते वस्तीचे होते. भातकापणीचा खाडा कोण भरणार? विहारात वर्गणी झाली, महिला मंडळाने पाण्याची पाळी लावली, आमच्यातल्या मुलांनी तिच्या वाटणीची कापणी केली. हे सांगण्यात मोठेपणा नाही. उलट हा प्रश्न आहे : ज्या बाईला वस्ती नाही, मंडळ नाही, तिने काय करायचे? १९२८ सालची विश्रांतीची मागणी गणपती रंगवणाऱ्या बाईपर्यंत अजून पोहोचलेली नाही.

काही जण म्हणतात, डॉक्टरला जास्त कळते, तुम्ही कार्यकर्ते तिथे कशाला तोंड घालता? आम्ही डॉक्टरच्या विरोधात नाही. पोट उघडणे हेच बरोबर, अशी प्रकरणे असतात आणि ते डॉक्टरच सांगू शकतो. आमचे म्हणणे एवढेच की त्याने कारण सांगावे. "तुझी पिशवी हलत नाही म्हणून" हे कारण आहे. "इथे तसेच करतात" हे कारण नाही. "तुम्हाला कळणार नाही" हे तर उत्तरच नाही. ज्यांना पाण्याला हात लावू दिला नाही त्यांना ज्ञानालाही हात लावू न देण्याचा तो जुना रिवाज आहे. ज्या जिल्ह्यात महाडचे चवदार तळे आहे, त्या जिल्ह्यात तरी तो चालू देता कामा नये.

आणि बिनटाक्याच्या मार्गाबद्दल थोडे थांबून विचार करा. ज्या पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही, जिच्यात पोटावर जखम होत नाही, ती गरिबाच्या तालुक्यासाठीच तर आहे. तिला लागतो तो प्रशिक्षित स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय. ही अशक्य मागणी नाही. तरीही मजूर बाईपुढे दोनच पर्याय ठेवले जातात : कर्ज काढून दुर्बीण, नाहीतर फुकटात लांब चीर. मधला, स्वस्त आणि चांगला मार्ग तिला सांगितलाच जात नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ ही पदे कायम भरलेली असावीत आणि योनिमार्गाच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण तिथल्या डॉक्टरांना मिळावे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे रायगडमधली देखरेख समिती कधी स्थापन झाली, किती बैठका झाल्या, चाळिशीच्या आतल्या किती स्त्रियांचे गर्भाशय कोणत्या कारणाने काढले, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. राज्याची आरोग्य विमा योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात रायगड होता. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. फुल्यांचे नाव दिलेल्या योजनेत कोणते ऑपरेशन कुठे बसते, हे आरोग्यमित्राकडून लेखी घ्या, तोंडी ऐकून परत फिरू नका.

आणि हे प्रश्न वहीत उतरवून ठेवा. घरातल्या आई, मावशी, वहिनीसोबत जाताना लागतील :

१. गर्भाशय काढायलाच हवे का? न काढता काय करता येईल?
२. कर्करोगाची शंका आहे का? अस्तराचा तुकडा आणि मुखाची तपासणी झाली का?
३. आधी रक्त वाढवणार का? किती झाल्यावर ऑपरेशन करणार?
४. खालून होईल का? होत नसेल तर का नाही?
५. दुर्बिणीने केले तर तुकडे कसे करणार? पोट उघडावे लागण्याची शक्यता किती?
६. अंडाशये ठेवणार की काढणार? का?
७. असे मोठे गर्भाशय तुम्ही या मार्गाने किती वेळा काढले आहे?
८. मी जड उचलण्याचे काम करते. परत कधी उचलू शकेन?

हे प्रश्न तुम्ही विचारू नका, तिला विचारू द्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. आणि तिला कुणी म्हणाले की तुला कळणार नाही, तर खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "सांगा, आम्हाला वेळ आहे."

येत्या पौर्णिमेला आपापल्या विहारात पंधरा मिनिटे या विषयाला द्या. पुरुषांनी उठून जायचे नाही. बायकांना बोलू द्यायचे आणि आपण ऐकायचे.

जय भीम!